मुंबईच्या फ्लॅटमध्ये बॅकअप, गच्चीवर सोलर: काय घ्यायचं, कसं बसवायचं

मुंबईत लाईट रोज जात नाही. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी लोकलसकट सगळं शहर ठप्प झालं, तसा दिवस विरळाच. एरवी फॉल्ट झाला तर तास-दोन तास, जमिनीखालची केबल गेली तर चार-पाच. त्यामुळे इथे बॅकअप ही एक गरज आणि वीजबिल ही वेगळीच गरज. दोन्हींवर एकच महागडी सिस्टिम गळ्यात मारणारे भरपूर भेटतात. फ्लॅटवाल्याने घरात छोटी बॅटरी ठेवावी, आणि गच्चीवर सोसायटीने कॉमन मीटरसाठी ऑन-ग्रिड, म्हणजे बॅटरीशिवाय थेट विजेच्या लाईनला जोडलेलं सोलर लावावं. वसई-विरार किंवा बदलापूरकडे स्वतःचं घर आणि स्वतःची गच्ची असेल, तरच हायब्रिडकडे, म्हणजे सोलर आणि बॅटरी एकत्र असलेल्या सिस्टिमकडे वळा.

ऑन-ग्रिड सोलर लाईट गेली की बंद पडतं, हे सोसायटीच्या मीटिंगमध्ये पहिल्याच दिवशी सांगून टाका. भर दुपारी डोक्यावर ऊन असलं तरी बंदच. लाईन दुरुस्त करणाऱ्या माणसाकडे आपल्या गच्चीवरून करंट जाऊ नये म्हणून सोलरचा इन्व्हर्टर (पॅनेलचा डीसी करंट घरातल्या एसी करंटमध्ये बदलणारं यंत्र) स्वतःहून लाईनपासून वेगळा होतो. तो दोष नाही, सुरक्षा आहे. पण आधी न सांगितल्यास सेक्रेटरीला वर्षभर ऐकून घ्यावं लागतं.

घरातला बॅकअप

वॅटचा हिशेब कागदावर मांडा. साधा पंखा ७५ वॅट खातो, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा बीएलडीसी पंखा ३० च्या आसपास. तीन बीएलडीसी पंखे ९०, नऊ वॅटचे पाच दिवे ४५, लॅपटॉप ६०, राउटर १०: एकूण साधारण २०५ वॅट. चार तासांना ८२० वॅट-तास, आणि इन्व्हर्टरमध्ये वाया जाणारी वीज धरून सुमारे १०००. जुने पंखे तसेच ठेवले तर याच हिशेबात चार तासांत आणखी ५४० वॅट-तास चढतात. म्हणून मोठी बॅटरी घेण्याआधी पंखे बदलणं स्वस्त पडतं.

१२ व्होल्ट, १५० एएचच्या (अँपिअर-तास) ट्युब्युलर, म्हणजे लेड-ॲसिड बॅटरीत कागदावर १८०० वॅट-तास असतात, पण ती नेहमी निम्म्यापर्यंतच उतरवावी. म्हणजे हातात ९००. १२.८ व्होल्ट, १०० एएचच्या लिथियम फॉस्फेट बॅटरीत १२८०, त्यातले हजारेक बिनधास्त वापरता येतात. ट्युब्युलर पन्नास-साठ किलोची, दर दोन-तीन महिन्यांनी डिस्टिल्ड वॉटर मागणारी, आणि चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन सोडणारी. ती बंद कपाटात ठेवायची वस्तू नव्हे. वन बीएचकेमध्ये आमचं मत लिथियमच्या बाजूने. इन्व्हर्टरमध्ये लिथियमचा मोड आहे ना, एवढं मात्र खात्रीने बघा. लेड-ॲसिडच्या सेटिंगवर लिथियम लावली की चार्जिंगचं व्होल्टेज मर्यादेबाहेर जातं, बॅटरीतलं संरक्षण चार्जिंग मध्येच तोडतं, आणि मग लोक बॅटरीला दोष देतात.

इन्व्हर्टर ८५० ते १००० व्हीएचा, साइन वेव्हचाच (लाईनच्या विजेसारखी सलग लहर देणारा) घ्या. स्क्वेअर वेव्हवर साधे पंखे गुणगुणतात आणि तापतात. फ्रीज जोडू नका. दार उघडलं नाही तर चार तास आतला गारवा टिकतो. गीझर, एसी, इस्त्री, मायक्रोवेव्ह यांचा तर विचारच नको.

बारा व्होल्टवर ६०० वॅट ओढले की बॅटरीच्या वायरमधून ६० अँपिअरच्या आसपास करंट धावतो. म्हणून बॅटरीची वायर किमान १६ चौरस मिलिमीटरची, दीड मीटरच्या आत, आणि लग (वायरच्या टोकाला बसवायचा धातूचा तुकडा) नीट दाबून बसवलेला. वीस मिनिटं पूर्ण लोड चालवा, मग सगळं बंद करून टर्मिनलला हात लावून बघा: एक टर्मिनल दुसऱ्यापेक्षा स्पष्ट गरम लागलं तर तिथला नट किंवा लग सैल आहे. ट्युब्युलरच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी पूड दिसली तर कोमट पाण्याने धुवा, कोरडं करा, वर पेट्रोलियम जेली लावा.

वायरमनच्या हातून सगळ्यात जास्त चूक होते ती न्यूट्रलमध्ये. घरात दोन आरसीसीबी (करंट गळला की सप्लाय तोडणारे स्विच) असतील, इन्व्हर्टरला सप्लाय एकाकडून आणि त्यावरच्या पंख्यांचा न्यूट्रल दुसऱ्याकडून, तर लाईट असताना आरसीसीबी उगाचच पडत राहते. वायरमन मग ती बायपास करून देतो. हे अजिबात करू देऊ नका. इन्व्हर्टरचा सप्लाय आणि त्यावरच्या सर्किटांचा न्यूट्रल एकाच आरसीसीबीखाली आणायला लावा. काम झाल्यावर मेन बंद करून घरातला एकेक स्विच दाबा; जे चालू राहायला नको ते चालू राहिलं तर तिथेच सापडेल.

घरून काम करणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं. आपला राउटर चालू असला तरी इमारतीतल्या केबलवाल्याच्या स्विचला बॅकअप नसेल तर नेट जाणारच. जिन्यातल्या त्या डब्यासाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस बसवून घ्या.

गच्चीवरचं सोलर

एक किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट सावलीविरहित जागा लागते. मुंबईत वर्षाची सरासरी धरली तर त्यातून दिवसाला ४ युनिट मिळतात. एप्रिल-मेमध्ये थोडे जास्त, जुलैत निम्म्यावर. म्हणजे १० किलोवॅटचा प्लांट महिन्याला सुमारे १२०० युनिट देतो. लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे यांची बारा महिन्यांची बिलं समोर ठेवा, आणि त्या वापरापेक्षा मोठा प्लांट लावू नका.

जागा मोजताना पाण्याची टाकी, लिफ्टची मशीन रूम आणि शेजारचा टॉवर यांची सावली डिसेंबरात कुठे पडते ते बघा. तेव्हा सूर्य खाली असतो, सावली लांबते. मे महिन्यात मोकळी दिसलेली जागा हिवाळ्यात तीन वाजता अंधारलेली असू शकते. एका ओळीत जोडलेल्या पॅनेलांपैकी एकावर सावली आली तरी अख्ख्या ओळीला फटका बसतो. सावली टाळताच येत नसेल तर मायक्रो-इन्व्हर्टर किंवा ऑप्टिमायझर (प्रत्येक पॅनेल स्वतंत्र चालवणारी उपकरणं) घ्या.

स्लॅबला भोक पाडून बोल्ट ठोकू देऊ नका. वॉटरप्रूफिंग फुटतं आणि पहिल्या पावसात वरच्या मजल्याच्या छताला ओल येते. वर काँक्रीटचे पेडेस्टल ओतून त्यांवर स्ट्रक्चर उभं करतात, पण त्यांचं वजन पॅनेलांहून जास्त होतं, त्यामुळे स्ट्रक्चरल इंजिनीअरचा कागद हवाच. तीस वर्षांपुढच्या इमारतीला ऑडिट सक्तीचं आहे. तेव्हाच हा भारही तपासून घ्यावा.

वाऱ्याचा हिशेब सेकंदाला ४४ मीटरचा, म्हणजे ताशी जवळपास १६० किलोमीटरचा मागा. मुंबईसाठी भारतीय मानकात तोच आकडा आहे. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा कुलाब्याला वारा ताशी शंभर किलोमीटरच्या वर गेला होता. पॅनेलांचं तोंड दक्षिणेला, कल १० ते १५ अंश. अक्षांशाप्रमाणे १९ अंश ठेवण्याचा आग्रह नको, कारण उत्पादनातला फरक किरकोळ आणि वाऱ्याचा मार मात्र जास्त. दहाच्या खाली गेलात तर खालच्या कडेला मळ साचतो. लोखंड हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड (वितळलेल्या जस्तात बुडवलेलं), ८० मायक्रॉनच्या थराचं. समुद्राच्या खाऱ्या हवेत नुसता रंग दिलेला अँगल दोन पावसाळ्यांत गंजतो, आणि त्याची सुरुवात वेल्डिंगच्या जोडापासून होते. नट-बोल्ट स्टेनलेसचे.

पॅनेलपासून इन्व्हर्टरपर्यंतच्या डीसी करंटला ४ चौरस मिलिमीटरची सोलर केबल पाइपातून न्या आणि वाकणाऱ्या जागी पाणी साचू देऊ नका. पॅनेलच्या वायरी जोडणारे एमसी-४ कनेक्टर दोन्ही बाजूंना एकाच कंपनीचे हवेत. वेगवेगळे जोडले की आत सैल राहतात, तापतात, आणि गच्चीवरच्या आगी बऱ्याचदा तिथूनच लागतात. अर्थिंगचे खड्डे तीन: डीसी, एसी (इन्व्हर्टरनंतरची बाजू) आणि आकाशातल्या विजेपासून वाचवणारा वीजरोधक यांचे वेगवेगळे. डीसी आणि एसी दोन्हीकडे सर्ज प्रोटेक्शन (व्होल्टेजच्या अचानक उसळीपासून संरक्षण) घ्या.

२०२४ पासूनच्या पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या कॉमन वापराला किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. १० किलोवॅटला १,८०,००० होतात. स्वतंत्र घराला पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,०००, म्हणजे जास्तीत जास्त ७८,०००. पॅनेल भारतीय सेलचे, म्हणजे डीसीआर असले तरच पैसे मिळतात, म्हणून कोटेशनवर तसं लिहून घ्या. सोसायटीने आधी सर्वसाधारण सभेचा ठराव करावा, मग पोर्टलवर अर्ज, मग काम. हा क्रम उलटवला की अडकतं.

हायब्रिड घेणाऱ्यांसाठी एकच हिशेब. ५४० वॅटच्या एका पॅनेलचं ओपन-सर्किट (लोड नसतानाचं) व्होल्टेज ४९.५ च्या आसपास; सहा ओळीत लावले की २९७, आणि जानेवारीच्या थंड सकाळी ३०५ पर्यंत. इन्व्हर्टरच्या इनपुट व्होल्टेजची कमाल मर्यादा त्याहून बरीच वर हवी. काही ऑफ-ग्रिड (लाईनला वीज परत न देणाऱ्या) मॉडेलना ती १४५ व्होल्टच असते, तिथे ही ओळ जोडली की इनपुट जळतो आणि वॉरंटीही मिळत नाही.

नोव्हेंबर ते मे दर पंधरा दिवसांनी काच धुवा, तीही सकाळी लवकर. तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका. बोअरवेलचं किंवा टँकरचं पाणी सुकल्यावर पांढरे डाग उरतात, म्हणून शेवटचा हात पालिकेच्या पाण्याचा आणि रबरी वायपरचा. शेजारी बांधकाम चालू असेल तर दर आठवड्याला. कबुतरांची विष्ठा मात्र दिसली की त्याच दिवशी ओली करून काढा. वाळली की खरवडावी लागते आणि काचेवर चरे पडतात.