स्थलांतरितांच्या संस्थेसाठी नवा संचालक निवडताय? या चुका टाळा

न्यू जर्सीतल्या एका लहान संस्थेच्या विश्वस्त मंडळावर मी सहा वर्षं होते. दर मंगळवारी संध्याकाळी तिथल्या बाहेरच्या खोलीत वीस-पंचवीस माणसं बसलेली असायची. कुणाच्या हातात इमिग्रेशन कोर्टाची नोटीस, कुणाला ग्रीन कार्डाचा फॉर्म भरायचा असायचा, कुणी घरातल्या मारहाणीबद्दल कुणाशी बोलावं हे विचारायला आलेली. ज्यांनी एकोणीस वर्षं ही संस्था चालवली त्यांना सगळे दीदी म्हणत. दीदींनी निवृत्त व्हायचं ठरवलं, आम्ही घाईने एक गृहस्थ नेमले आणि अकरा महिन्यांत ते राजीनामा देऊन गेले. तोवर मंगळवारची गर्दी निम्म्यावर आली होती. लोकांच्या अडचणी होत्या तशाच होत्या, पण आमच्या दारात यायचं त्यांनी सोडलं होतं.

अमेरिकेतली बरीच मराठी मंडळी अशा संस्थांच्या बोर्डावर आहेत, देणगी देतात, शनिवारी फॉर्म भरायला मदत करतात. दक्षिण आशियाई स्त्रियांसाठी काम करणारी न्यू जर्सीतली ‘मानवी’ १९८५ सालची, न्यूयॉर्कमधली ‘सखी’ १९८९ सालची. त्या पिढीने उभं केलेलं काम आज ना उद्या दुसऱ्यांच्या हाती द्यावंच लागतं, आणि ते कुणाच्या हाती द्यायचं हे बोर्ड ठरवतं. म्हणून आम्ही जिथे चुकलो ते मोकळेपणाने लिहिते.

दीदींची झेरॉक्स शोधली

आमची जाहिरात दोन पानी होती. निधी उभारणं, हिशोब, कर्मचारी, कायद्याची माहिती, चार भाषा, राजकीय नेत्यांशी संबंध, संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी उपलब्धता. दीदी जे जे करत होत्या ते सगळं आम्ही लिहून काढलं होतं. एकाच माणसात हे सगळं सापडत नाही. दीदींमध्येही पहिल्या दिवशी ते नव्हतं, एकोणीस वर्षांत एकेक करून अंगावर आलं होतं.

दुसऱ्या वेळी आम्ही आधी निवृत्त दीदींना त्यांच्या कामाच्या दोन आठवड्यांची डायरी आठवून लिहायला लावली. त्या किती वाजता काय करायच्या, एवढंच. त्यातून कळलं की त्यांचा जवळजवळ निम्मा वेळ दुभाषी म्हणून आणि लोकांना कोर्टात गाडीने नेण्यात जात होता. हे काम मोलाचं आहे, पण त्याला संचालक लागत नाही, वेगळा माणूस लागतो. ते बाजूला काढल्यावर जाहिरात अर्ध्या पानाची झाली: पैसा आणणं, पैशाचा हिशोब देणं, माणसं सांभाळणं, आणि येणाऱ्यांचा विश्वास टिकवणं. तुमच्या संस्थेची यादी वेगळी असेल. पण ती माणूस शोधण्याआधी झाली पाहिजे, आणि विश्वस्तांनी एकत्र बसून केली पाहिजे.

मधल्या काळासाठी कुणीच नेमलं नाही

निवडीला चार-सहा महिने लागतात असं धरूनच चाला. ते महिने संस्थापकाने ‘अजून थोडे दिवस’ म्हणत काढायचे, हा सगळ्यात वाईट पर्याय. हंगामी संचालक नेमा आणि तो कायमच्या जागेसाठी उमेदवार नसेल हे आधीच ठरवून घ्या, म्हणजे त्याला कडू गोष्टी बोलता येतात. दुसऱ्या वेळी आम्ही तसं केलं, आणि आमच्या हंगामी संचालकबाईंनी तिसऱ्या आठवड्यात दोन अनुदानांचे अहवाल थकल्याचं सांगितलं. बोर्डाला त्याचा पत्ताच नव्हता.

परवाने माणसाच्या नावावर आहेत हे लक्षात घेतलं नाही

इमिग्रेशनच्या संस्थांची ही खास अडचण, आणि यात आमचे जे हाल झाले ते कुणाचेही होऊ नयेत.

अमेरिकेत वकील नसलेली व्यक्तीही स्थलांतरितांची बाजू मांडू शकते, पण त्यासाठी न्याय विभागाने संस्थेला मान्यता दिलेली असावी लागते आणि त्या व्यक्तीला त्या संस्थेतर्फे प्रतिनिधी म्हणून अधिकृत केलेलं असावं लागतं. हा अधिकार दोन प्रकारचा. अंशतः असेल तर फक्त होमलँड सिक्युरिटी खात्यासमोरची प्रकरणं, म्हणजे अर्ज, मुलाखती वगैरे. पूर्ण असेल तर इमिग्रेशन कोर्ट आणि अपील मंडळही. तो तीन वर्षांसाठी मिळतो आणि मग नूतनीकरण करावं लागतं. महत्त्वाचं म्हणजे तो त्या संस्थेशी बांधलेला असतो. माणूस संस्था सोडून गेला की तिच्या प्रकरणांवर काम करायचा त्याचा अधिकार संपतो, आणि संस्थेकडे निदान एक असा प्रतिनिधी नसेल तर तिची मान्यताच अडचणीत येते.

आमच्याकडे असा अधिकार फक्त दीदींना होता. नव्या संचालकांना तो मिळेपर्यंत नवी प्रकरणं घेता येईनात, जुनी प्रकरणं ओळखीच्या वकिलांकडे पाठवावी लागली. ज्या बाईंची मुलाखत पंधरा दिवसांवर आली होती त्यांना आम्ही काय सांगितलं असेल? आजही ते आठवून वाईट वाटतं. म्हणून संचालक बदलण्याच्या किमान वर्षभर आधी आणखी एका-दोघा कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देऊन त्यांचा अर्ज करा. संस्थेत पगारी वकील असेल तर हा ताण खूपच कमी होतो.

हीच गोष्ट सरकारी अनुदानाची. संघराज्याच्या अनुदानाच्या मंजुरीपत्रात प्रमुख व्यक्ती म्हणून संचालकाचं नाव असेल, तर ती व्यक्ती बदलायला अनुदान देणाऱ्या खात्याची आधी परवानगी घ्यावी लागते. प्रत्येक करार काढून नाव कुठे कुठे आहे ते बघा. एका दुपारचं काम आहे.

मुलाखतीत नको ते विचारलं

‘तुम्ही मूळच्या कुठल्या?’, ‘सिटिझनशिप झाली का?’ हे प्रश्न आपण जेवणाच्या टेबलावर सहज विचारतो. मुलाखतीत ते विचारायचे नाहीत. १९८६ च्या कायद्याप्रमाणे चार किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या संस्थेला नागरिकत्वाच्या कारणावरून उमेदवाराला डावलता येत नाही. ग्रीन कार्डधारक (काही अपवाद सोडून), निर्वासित आणि आश्रय मिळालेल्या व्यक्तींनाही या कायद्याचं संरक्षण आहे. ‘फक्त अमेरिकन नागरिकांनी अर्ज करावा’ असं जाहिरातीत लिहिणं साधारणपणे बेकायदा आहे. तुम्हाला या देशात काम करायचा परवाना आहे का आणि आता किंवा पुढे व्हिसासाठी आमच्या प्रायोजकत्वाची गरज लागेल का, हे दोन प्रश्न मात्र सगळ्यांना सारखेच विचारता येतात. काम करायचा हक्क तपासणारा आय-९ फॉर्म नेमणुकीनंतर भरायचा, आणि त्यासाठी यादीतली कोणती कागदपत्रं दाखवायची हे कर्मचाऱ्याने ठरवायचं. ग्रीन कार्डच दाखवा असा आग्रह धरता येत नाही. लोकांना त्यांचे हक्क समजावून सांगणारी संस्थाच इथे चुकली तर ते फार लागतं.

व्हिसाचं गणितही आधी समजून घ्या. विद्यापीठांना आणि त्यांच्याशी संलग्न ना-नफा संस्थांना एच-१बी या नोकरीच्या व्हिसाची वार्षिक मर्यादा लागू नाही, पण आमच्यासारख्या साध्या सेवासंस्थेला आहे. म्हणजे वर्षाचे ६५,००० आणि अमेरिकेतून मास्टर्स केलेल्यांसाठीचे आणखी २०,०००, या सोडतीत नंबर लागला तर काम १ ऑक्टोबरपासून. जूनमध्ये खुर्ची रिकामी होत असेल तर हे आधी कळलेलं बरं. ज्यांची मोजणी या मर्यादेत आधीच झालेली आहे त्यांची गोष्ट वेगळी, त्यांना नोकरी बदलता येते.

न्यू जर्सीत २०२० पासून उमेदवाराला आधीचा पगार विचारता येत नाही, आणि १ जून २०२५ पासून दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्यांना जाहिरातीत पगार किंवा पगाराची मर्यादा द्यावी लागते. इतर राज्यांत नियम वेगळे आहेत, ते बघून घ्या.

‘सेवा आहे, पगार कशाला?’

हे वाक्य मी आपल्याच लोकांकडून ऐकलं आहे. पन्नास जणांच्या अडचणी रोज ऐकणाऱ्या माणसाने घरभाड्याची काळजी करत राहायचं, हे मला पटत नाही. सारख्या आकाराच्या संस्था काय देतात हे त्यांनी करखात्याला दरवर्षी दिलेल्या फॉर्म ९९० मध्ये दिसतं, तो सार्वजनिक असतो. वर्षाची जमा दहा लाख डॉलरपेक्षा कमी असेल तर आसपासच्या तीन तुलनायोग्य संस्थांचे आकडे पुरतात. ते बैठकीत मांडा, ज्यांचा यात वैयक्तिक संबंध नाही अशा विश्वस्तांनी निर्णय घ्यावा आणि तो तेव्हाच लिहून ठेवावा. कागद नीट असले की पगार अवाजवी आहे हे सिद्ध करायची जबाबदारी करखात्यावर जाते.

आयुष्याची कहाणी ऐकून भाळलो, हिशोब विचारला नाही

दीदींनंतरचे आमचे पहिले संचालक लहानपणी आईबरोबर निर्वासित म्हणून आले होते. मुलाखतीत त्यांनी ते सांगितलं तेव्हा आमच्यातल्या दोघींच्या डोळ्यांत पाणी आलं. मग हिशोबाचे प्रश्न विचारायचा संकोच वाटला. अनुभवातून आलेली कळकळ मला हवीच आहे, ती नसलेला माणूस इथे टिकत नाही. पण आमच्या निधीचा मोठा भाग आधी खर्च करा, मग बिल पाठवा, मग पैसे, असा येत होता. दोन-तीन महिन्यांची रोकड हाताशी ठेवायची जबाबदारी संचालकाची. त्यांनी ते कधी केलं नव्हतं, आणि आम्ही विचारलंही नव्हतं. दोष आमचा.

दुसऱ्या वेळी आम्ही खरं अंदाजपत्रक हातात दिलं आणि विचारलं, उद्या निम्मा सरकारी निधी थांबला तर पहिल्या तीस दिवसांत काय कराल? हा प्रश्न आता कुणालाही काल्पनिक वाटणार नाही. २० जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेने निर्वासितांचा प्रवेश स्थगित करण्याचा आदेश काढला आणि त्याच आठवड्यात पुनर्वसन करणाऱ्या संस्थांना काम थांबवण्याच्या नोटिसा गेल्या. अनेकांना कर्मचारी कमी करावे लागले. एका उमेदवाराने उत्तर दिलं, ‘देणगीदारांना भेटेन.’ दुसरीने विचारलं, ‘थकलेली बिलं किती आहेत आणि कोणत्या करारांत काम थांबवायची मुभा आहे?’ आम्ही दुसरीला घेतलं.

बाहेरच्या खोलीला विचारलंच नाही

आमच्या शोध समितीत सगळे मराठी-गुजराती, सगळे सुशिक्षित, बहुतेक आयटीतले. येणारी माणसं पंजाबी, बांगला, स्पॅनिश बोलणारी. आम्हाला आवडलेला माणूस आमच्यासारखं बोलत होता, त्याचंच आम्हाला बरं वाटलं.

शेवटच्या फेरीतल्या उमेदवारांना संस्थेत बोलवा आणि मदत घेऊन गेलेल्या तीन-चार जणांशी दुभाष्यासह अर्धा तास बोलू द्या. त्या लोकांना वेळेचा मोबदला द्या, त्यांचा एक दिवसाचा रोज बुडतो. कुणाच्याही प्रकरणाची फाइल उमेदवारासमोर ठेवू नका आणि नावं बाहेर जाऊ देऊ नका. आमच्याकडे एका आजींनी उमेदवारांना एकच प्रश्न विचारला: ‘मी फोन केला तर उचलेल कोण?’ रिसेप्शनवरच्या मुलीचंही मत घ्या. उमेदवार तिच्याशी कसा बोलला हे फक्त तिलाच माहीत असतं.

नेमणूक झाली आणि तरी बिनसतंय?

जुने कर्मचारी अजून संस्थापकांनाच फोन करत असतील, तर संस्थापकांना विनंती करा की सहा महिने कामाच्या फोनला उत्तर देऊ नये, बोर्डावरही बसू नये. दीदींना हे फार जड गेलं, पण त्यांनी पाळलं. पहिल्या तीन महिन्यांत दोघांहून जास्त माणसं सोडून गेली तर अध्यक्षांनी जाणाऱ्यांशी स्वतः बोलावं. आकडे वेळेवर येत नसतील तर तिमाहीची वाट न बघता दर महिन्याला मागावेत. संचालक चुकतोय असं वाटलं की बोर्डाने थेट त्याच्याशी बोलावं, व्हॉट्सॲपच्या वेगळ्या ग्रुपवर नाही. आम्ही असा ग्रुप काढला होता आणि त्याने नुकसानच केलं.

आणि पहिल्या दिवसासाठी एक कागद तयार ठेवा: बँकेतल्या सह्या, अनुदानांच्या पोर्टलचे पासवर्ड, इमारतीच्या किल्ल्या, विम्याचं कंत्राट, प्रतिनिधींच्या अधिकारपत्रांच्या मुदती. पहिल्या वेळी बँकेतली सही बदलायला आम्हाला सात आठवडे लागले, आणि तोवर पगाराच्या चेकवर सही करायला निवृत्त झालेल्या दीदीच बसने येत होत्या.