मुंबईच्या जुन्या स्कॉटिश मंडळीचे दप्तर कसे शोधावे आणि कसे वाचावे

पणजोबांचा बाप्तिस्मा स्कॉटिश मिशनऱ्यांच्या हातून झाला, एवढी एकच गोष्ट ऐकून ठाऊक असलेली ख्रिस्ती कुटुंबे मुंबई-पुण्यात आणि कोकणात आजही भेटतात. अशा कुटुंबातील कोणी शोधाला निघाले की ते थेट नोंदवही मागतात आणि बहुधा रिकाम्या हाताने परततात. नोंदवही मागण्याआधी एक प्रश्न सोडवावा लागतो: ज्या वर्षाची नोंद हवी आहे, त्या वर्षी ही मंडळी (म्हणजे स्थानिक चर्चचा समुदाय) कोणत्या संस्थेच्या अखत्यारीत होती? प्रेस्बिटेरियन, म्हणजे पाळक आणि निवडलेले वडील यांच्या सभांनी चालणाऱ्या चर्चचे दप्तर संस्थेच्या नावाने लावलेले असते, आणि आपल्या मंडळीच्या वरच्या संस्थेचे नाव अनेकदा बदलले आहे.

म्हणून सुरुवातीला कागदावर वर्षांची एक पट्टी आखावी. स्कॉटिश मिशनरी सोसायटीचे काम १८२३ मध्ये बाणकोटला सुरू झाले. मिशनरी जॉन विल्सन १८२९ मध्ये मुंबईत उतरले, बाणकोट-हर्णै भागात राहून मराठी शिकले आणि १८३१ मध्ये त्यांनी मुंबईत प्रेस्बिटेरियन पद्धतीची एतद्देशीय मंडळी स्थापन केली. १८३५ मध्ये हे मिशन चर्च ऑफ स्कॉटलंडकडे गेले. १८४३ मध्ये स्कॉटलंडमधील चर्च दुभंगले, तेव्हा विल्सन आणि त्यांचे सहकारी फुटून निघालेल्या फ्री चर्चच्या बाजूने उभे राहिले. त्या वर्षानंतर त्यांची पत्रे आणि अहवाल फ्री चर्चच्या कागदपत्रांतच शोधावे लागतात. पुढे तिकडे स्कॉटलंडमध्ये १९०० आणि १९२९ मध्ये चर्चची विलीनीकरणे झाली, तर इकडे १९२४ मध्ये युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया आणि १९७० मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडिया अस्तित्वात आली. ही पट्टी शेजारी नसेल, तर सूचीतील अर्धी नावे अनोळखी वाटतात.

दुसरा फरक मुंबईतल्या मुंबईतच आहे. कोटातील सेंट अँड्र्यूज चर्च १८१९ चे. ते मुख्यतः स्कॉटिश अधिकारी, सैनिक आणि व्यापारी यांच्यासाठी होते व तेथील चॅपलिन (पाळक) कंपनी सरकारच्या नोकरीत होता. त्यामुळे तेथील बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नकला सरकारमार्फत लंडनला जात, आणि मुंबई इलाख्याच्या अशा नकला आज ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिसच्या दप्तरात ‘एन/३’ या मालिकेत आहेत. गिरगावातील अंब्रोलीच्या मिशनभोवती जमलेली मराठी, गुजराती बोलणारी मंडळी वेगळी होती. तिच्या सभासदाचे नाव ‘एन/३’ मध्ये मिळाले नाही, म्हणून बाप्तिस्मा झालाच नाही असा निष्कर्ष काढू नये.

नोंदवह्यांमध्ये सर्वांत आधी प्रभुभोजनात सहभागी होणाऱ्या सभासदांची यादी पाहावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. बाप्तिस्म्याची नोंद माणसाचा एक दिवस सांगते; ही यादी त्याचे येणे आणि जाणे दोन्ही सांगते. सभासद विश्वास प्रकट करून आत आला की दुसऱ्या मंडळीचे पत्र घेऊन आला, हे एका रकान्यात असते; नाव कमी झाले ते मृत्यूमुळे, गाव सोडल्यामुळे की शिस्तीच्या कारवाईमुळे, हे शेवटच्या रकान्यात असते. पत्र देऊन पाठवणी झाली असेल, तर कोणत्या गावी, हे त्याच ओळीत सापडू शकते आणि शोधाची पुढची दिशा तिथेच मिळते. विवाहांसाठी १८७२ चा भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा लक्षात ठेवावा, कारण त्याखालील नोंदींच्या प्रती सरकारी निबंधकाकडेही जात. चर्चमधील वही वाळवीने खाल्ली असली तरी दुसरी प्रत शिल्लक असू शकते.

यानंतर सेशनच्या इतिवृत्ताकडे वळावे. पाळक आणि निवडलेले वडील (म्हणजे मंडळीचे ज्येष्ठ, ‘एल्डर’) यांची ही सभा प्रत्येक प्रेस्बिटेरियन मंडळीचा कारभार पाहते. इंग्रजी इतिवृत्ताच्या सुरुवातीला प्रार्थनेचा उल्लेख आणि मग ‘सेडरंट’ हा स्कॉटिश शब्द दिसतो. त्याखाली हजर असलेल्यांची नावे असतात. आपले पूर्वज मंडळीचे वडील असतील, तर वर्षानुवर्षे त्यांचे नाव याच जागी भेटत राहते. इतिवृत्तात गरिबांना दिलेली मदत, घरातील भांडणे आणि ताकीद दिलेल्यांची नावे असतात. हे आपल्यासारख्याच माणसांचे खासगी दुःख आहे, याचे भान ठेवून ते वाचावे आणि प्रसिद्ध करण्याआधी त्या घरातील आजच्या लोकांना विचारावे.

नावे शोधताना त्या काळच्या इंग्रजी लेखनाची सवय करून घ्यावी लागते. ‘अ’ या उच्चारासाठी अनेकदा ‘यू’ हे अक्षर, ‘ई’साठी दोन ‘ई’ आणि ‘ऊ’साठी दोन ‘ओ’ लिहीत. त्यामुळे ‘पदमनजी’ आजच्या अपेक्षेप्रमाणे ‘पी-ए’खाली न येता ‘पी-यू’खाली येऊ शकतात. बाप्तिस्म्यानंतर प्रत्येकाने पाश्चात्त्य नाव घेतले असेल, हेही गृहीत धरू नये: धनजीभाई नवरोजी (बाप्तिस्मा १८३९), नारायण शेषाद्री (१८४३) आणि बाबा पदमनजी (१८५४) हे अखेरपर्यंत आपल्या मूळ नावांनीच ओळखले गेले.

काही माणसे नोंदवहीत येतच नाहीत. नारायण शेषाद्रींचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहिला होता. पण तो अल्पवयीन असल्याने १८४३ मध्ये न्यायालयाने त्याला वडिलांच्या ताब्यात दिले, आणि त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावे की नाही यावरून मोठा वाद पेटला, ज्यात बाळशास्त्री जांभेकर त्याच्या बाजूने उभे राहिले. हा मुलगा चर्चच्या यादीत शोधून मिळणार नाही; न्यायालयाचे कागद, तत्कालीन वृत्तपत्रे आणि मिशनऱ्यांची पत्रे यांतच तो भेटतो. म्हणून चर्चच्या दप्तराबरोबर मुंबईतील महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागार आणि १८४२ पासूनचे ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिकही पाहावे. ‘ज्ञानोदय’ अमेरिकन मराठी मिशनचे असले, तरी त्यात इतर मिशनांच्याही वार्ता येत.

स्कॉटिश मिशनची पत्रे आणि अहवाल मुख्यतः एडिंबरोच्या नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडमध्ये आहेत. मात्र कुटुंब कोल्हापूर किंवा मिरजेकडील असेल, तर तेथील प्रेस्बिटेरियन मिशन अमेरिकन होते: रॉयल वाइल्डर यांनी १८५२ मध्ये कोल्हापुरात काम सुरू केले आणि १८७० मध्ये ते काम अमेरिकेतील प्रेस्बिटेरियन बोर्डाकडे गेले. त्या मिशनचे कागद एडिंबरोत शोधण्यात वेळ घालवू नये. फिलाडेल्फियाच्या प्रेस्बिटेरियन हिस्टॉरिकल सोसायटीला लिहावे.

स्थानिक चर्चमध्ये जाताना पाळकांना आधी पत्र लिहावे आणि त्यात नाव, अंदाजे वर्ष व नाते स्पष्ट सांगावे. बरोबर पेन्सिल आणि कोरडा सुती रुमाल न्यावा. बोटाला थुंकी लावून पान कधीही उलटू नये, कारण जुन्या कागदाची कडा तिथेच तुटते. परवानगी मिळाल्यास आधी वहीच्या पुठ्ठ्याचे, मग डाव्या-उजव्या दोन्ही पानांचे पूर्ण छायाचित्र घ्यावे, कारण एक नोंद दोन पानांवर पसरलेली असते आणि साक्षीदारांची नावे नेमकी उजवीकडे राहून जातात. घरी आल्यावर नोंद जशीच्या तशी उतरवावी, वाचता न आलेले अक्षर रिकामे ठेवावे, आणि तयार झालेली सूची वर्ष व पान क्रमांकासह छापून त्याच चर्चच्या कपाटात, त्या वहीशेजारी ठेवून यावी.