तिसऱ्या रांगेतलं पेनाचं टोपण

नोकरीला लागल्यावर माझ्या गळ्यात पहिलं काम पडलं ते भाषणाचं. नोंदवह्या बंद करून सगळं कॉम्प्युटरवर का न्यायचं, हे चाळीसेक जुन्या कर्मचाऱ्यांना पटवायचं होतं. फायदे तोंडपाठ होते. पाचव्या मिनिटाला तिसऱ्या रांगेतल्या एका बाईंनी पेनाला टोपण लावलं, वही मिटली आणि हाताची घडी घातली. पुढची वीस मिनिटं मी भिंतीशी बोललो.

चहाच्या वेळी कळलं, की आधीच्या सॉफ्टवेअरमध्ये तीन महिन्यांच्या नोंदी उडाल्या होत्या आणि याच लोकांनी रात्री जागून त्या पुन्हा भरल्या होत्या. मला कुणी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं.

आता भाषणाआधी श्रोत्यांपैकी दोघातिघांना फोन करतो. "तुमचं मत काय?" असं विचारलं की माणूस जपून बोलतो. "हा विषय निघाला की तुमच्याकडे लोक काय म्हणतात?" असं विचारलं, की खरं बाहेर येतं.

श्रोते विरोधात असतील तर त्यांची तक्रार आपणच आधी मांडावी, त्यांच्याच शब्दांत. मानसशास्त्रज्ञ कार्ल हॉवलंड आणि सहकाऱ्यांनी दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांवर एक प्रयोग केला. जपानशी युद्ध लांबेल, हे काहींना एकाच बाजूने ऐकवलं, काहींना विरुद्ध मुद्द्यांसकट. ज्यांना ते मुळात पटत नव्हतं, त्यांच्यावर विरुद्ध मुद्द्यांसकटचं भाषण जास्त चाललं. आधीच पटलेल्यांवर एका बाजूचं. हे १९४९मध्ये छापून आलं.

मागणीही लहान ठेवा. दुसऱ्या खेपेला मी "वह्या बंद करा" म्हणालोच नाही. "महिनाभर दोन्ही चालवू" एवढंच म्हणालो. (याला कुणी तोंडपुजेपणा म्हणेल. पण मत माझं तेच होतं, क्रम बदलला होता.)

पटलेल्यांपुढे फायदे उगाळू नका, सोमवारी सकाळी काय करायचं ते सांगा. मला सगळ्यात अवघड वाटतात ते बळेच आणून बसवलेले. विरोधक निदान भांडायला तरी ऐकतो. यांच्यापुढे पहिल्या दोन मिनिटांत त्यांच्याच कामातली एखादी कटकट निघाली नाही, तर मोबाइल बाहेर आलेच.

त्या दुसऱ्या खेपेला त्याच बाईंनी हात वर केला. "बॅकअप कोण घेणार?" उत्तर माझ्याकडे नव्हतं. "विचारून उद्या सांगतो," म्हणालो. त्यांनी टोपण काढलं आणि तारीख लिहून घेतली.