स्वतःचं पुस्तक करताना या चुका टाळा: आधी कोरी वही, मग चित्रं

ज्युरीच्या, म्हणजे परीक्षकांसमोर काम मांडायच्या, आधीच्या आठवड्यात बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी डिझाइनच्या मुलामुलींची रांग लागते. कुणाच्या काखेत कार्ट्रिज कागदाचा रोल, कुणाच्या हातात पेनड्राइव्ह, आणि सगळ्यांचं वाक्य एकच: "ताई, पुस्तक झालंय, फक्त बाइंडिंग राहिलंय." हे वाक्य ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. बाइंडिंग राहिलंय म्हणजे पुस्तक व्हायचंच आहे. तोवर तुमच्याकडे आहे तो चित्रांचा गठ्ठा.

गेली कित्येक वर्षं त्याच त्या चुका बघतेय, म्हणून हे लिहायला घेतलं. ज्या चुकीचा मला सर्वांत जास्त त्रास होतो, तिच्यापासूनच सुरुवात करते.

डमी (पुस्तकाची कच्ची वही) न करता चित्रं रंगवायला बसणं

ही चूक मी स्वतः केली आहे. तिसऱ्या वर्षाला होते. विषय माझ्या जिवाचा होता: आजीच्या वाड्यातला गणपती. गोष्ट आजीच्या तोंडून, चित्रं माझी. वॉटरकलर आणि पोस्टर कलरमध्ये ए-थ्री आकाराची १२ जोडपानं, म्हणजे उघडल्यावर समोरासमोर येणाऱ्या पानांच्या जोड्या, रंगवली. दोन महिने गेले. शेवटचं जोडपान विसर्जनाचं होतं. पालखी बरोबर मध्ये, गणपतीचा चेहरा पानाच्या ऐन मध्यावर, दोन्ही बाजूंना माणसं, मागे सुरसागर तलावाचं पाणी. त्या एका चित्राला मी नऊ दिवस दिले होते.

बाइंडरकाकांनी प्रिंट हातात घेतले आणि पहिलाच प्रश्न विचारला, "बेन, पानां केटलां?" मी म्हटलं, बारा जोडपानं, म्हणजे चोवीस. त्यांनी मान हलवली. पुस्तकाचं पहिलं पान उजवीकडे एकटं असतं आणि शेवटचं डावीकडे एकटं. जोडपानं २-३ पासून सुरू होतात. माझी १२ जोडपानं २ पासून २५ पर्यंत जात होती, वर पहिलं आणि शेवटचं, म्हणजे एकूण २६. घडी घालून मधोमध शिवायचं तर पानं चारच्या पटीत लागतात: २४ किंवा २८. काका म्हणाले, एक जोडपान काढ किंवा दोन पानं वाढव. ज्युरी दुसऱ्या दिवशी सकाळी होती. माझ्यात ना काढायची हिंमत होती, ना वाढवायला वेळ. मी म्हटलं, सुटी पानं करा आणि कडेला टाके मारा. त्यांनी सांगून पाहिलं की मधलं आत जाईल. मी ऐकलं नाही.

कडेला टाके मारले की पानाचा शिवणीकडचा साधारण एक सेंटिमीटर भाग आत जातो. दोन्ही पानं मिळून दोन सेंटिमीटर. माझ्या गणपतीचा चेहरा तीन सेंटिमीटर रुंद होता. पुस्तक उघडलं तर डावीकडे एक कान, उजवीकडे एक कान, आणि मध्ये दोरा. आजीला घरी दाखवलं. तिने ते पान दोन्ही हातांनी दाबून दाबून उघडायचा प्रयत्न केला आणि विचारलं, "अगं, बाप्पाचं तोंड कुठे गेलं?" ज्युरीतला एकही शेरा मला आज आठवत नाही. तो प्रश्न आठवतो.

तेव्हापासून माझा नियम ठरलेला आहे आणि माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला तो पाळायला लावते. रंगाचा डबा उघडायच्या आधी सहा ए-फोर कागद घ्यायचे, मधून दुमडायचे, घडीवर सुईने तीन भोकं पाडून दोरा ओवायचा. २४ पानांची ए-फाइव्ह वही झाली. आठ कागद घेतले तर ३२. प्रत्येक पानावर पेन्सिलीने आकडा घाला. उजवीकडे कायम विषम आकडा येतो. मग वही सोडवून कागद सुटे करा आणि बघा: एकाच कागदावर २४ आणि १ शेजारी येतात, त्याच्या मागे २ आणि २३. शेजारच्या दोन आकड्यांची बेरीज दर वेळी २५. हे एकदा हाताने केलं की छपाईला पानं लावताना चूक होत नाही. आणखी एक गोष्ट त्यातच दिसते. २४ पानी वहीत फक्त १२-१३ हे जोडपान एका सलग कागदावर असतं. बाकी सगळी जोडपानं दोन वेगळ्या कागदांची, त्यांचे सांधे केसभर का होईना सरकतात. चेहरा, हात, अक्षर सांध्यावर ठेवू नका. नदी, आभाळ, भिंत खुशाल जाऊ द्या.

या वहीत काड्यांची माणसं काढा, मजकूर गिचमिड अक्षरात लिहा, आणि ती कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवा. पान उलटताना ऐकणारा पुढे वाकतो का, ते बघा. वाकत नसेल तर गोष्टीचा काटा चुकीच्या पानावर पडलाय. "मांजर कपाटात शिरलं आणि" इथे पान संपलं पाहिजे. आत काय झालं ते उलटल्यावर. मी एका पुस्तकाला किमान तीन डम्या करते. पहिली एका दुपारची असते. ज्यांना ती दुपार जड वाटते, त्यांनी आधी पुस्तक करण्याची घाई का आहे याचा विचार करावा. लॅपटॉपवर पानं सरकवून बघणं म्हणजे डमी नव्हे. पडद्यावर शिवण नसते आणि अंगठाही नसतो.

देवनागरी ही नंतर भरायची गोष्ट समजणं

चित्रांवर तीन महिने, अक्षरांवर शेवटची रात्र. कुठलातरी फाँट उचलायचा, मजकूर ओतायचा, दोन्ही कडा सरळ करायच्या, झालं. मला याचा मनापासून राग येतो, कारण पुस्तक मराठी आहे आणि मराठीच त्यात उपरी दिसते.

मजकूर चिकटवल्यावर वेलांटी अक्षराच्या पुढे गेली, जोडाक्षरं फुटली, तर फाँटला दोष देत बसू नका. इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये परिच्छेदाचा कंपोझर (ओळी जुळवणारी सोय) 'वर्ल्ड-रेडी' करा. जुन्या, युनिकोडच्या आधीच्या फाँटात टाइप केलेला मजकूर असेल तर तो आधी बदलून घ्या आणि बदलल्यावर प्रत्येक ओळ वाचा. मग भाषा मराठी निवडा. बऱ्याच चांगल्या युनिकोड फाँटांत मराठी वळणाचा पाकळीचा ल आणि देठाचा श असतो, पण भाषा हिंदी राहिली की हिंदी वळणाची अक्षरं येतात. महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या वर्णमालेच्या निर्णयातही हीच दोन वळणं धरली आहेत. आम्ही बडोद्यात राहत असलो तरी आमचा ल तोच.

र्‍हस्व-दीर्घ तर आहेच, पण त्याहून जास्त दिसते ती 'ऱ्य'ची चूक. 'दर्या' म्हणजे समुद्र, 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या. गेल्या वर्षी एका मुलीच्या पुस्तकात नायक 'डोंगर-दर्यांतून' चालत होता आणि चित्रात कुठेही पाणी नव्हतं. पन्नास प्रती छापून झाल्या होत्या. तिने नंतर रात्रभर बसून प्रत्येक प्रतीत छोटी चिठ्ठी चिकटवली. मला तिचं कौतुक वाटलं, पण एक वाचन आधी झालं असतं तर ती रात्र झोपेत गेली असती.

ओळींतलं अंतर वाढवा. इंग्रजीसाठी १२ पॉइंटला १५ चालत असेल, देवनागरीत वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार असतात. मी १२ ला १८ च्या खाली जात नाही, लहान मुलांसाठी आणखी मोकळं ठेवते. दोन्ही कडा सरळ करण्याचा हट्ट सोडा. मराठी शब्द लांब, ओळ आखूड, मग शब्दांमध्ये भगदाडं पडतात. डावी कड सरळ, उजवी मोकळी.

हाताने अक्षरं काढणार असाल तर आधी अक्षरं, शिरोरेघ सर्वांत शेवटी. लिनोचा ठसा कोरणार असाल तर अक्षरं उलटी. ट्रेसिंग पेपरवर लिहा, पालथा घाला, मग कोरा.

आजीची भाषा 'शुद्ध' करणं

बडोद्याच्या घरांत मराठी बोलताना ओटला (ओटा), पोळ (गल्ली), बारी (खिडकी) हे गुजराती शब्द सहज येतात. विद्यार्थी गोष्ट लिहितात आणि छापायच्या वेळी घाबरून बारीची खिडकी करतात. का? आजी "बारी लाव, मांजर येईल" म्हणत असेल तर पुस्तकातही तेच ठेवा. अर्थ चित्रातून कळतो. शुद्धलेखन नीट ठेवा, बोलणं तिचंच राहू द्या.

आणि चित्रात जे दिसतंय ते पुन्हा लिहू नका. चित्रात लाल छत्री आहे ना, मग "तिने लाल छत्री घेतली" कशाला? छत्री कुणाची होती ते लिहा.

कागदाचा ग्रेन आणि गोंद

पुठ्ठा पापडासारखा वळला, पानं ताठ उभी राहतात, घडीवर कागद तडकतो: या तिन्ही तक्रारींचं कारण बहुधा ग्रेन. कागदातले तंतू एका दिशेने असतात आणि ती दिशा पुस्तकाच्या पाठीला समांतर हवी. कागदाचा छोटा चौकोन कापून एका बाजूने ओला करा. तो नळीसारखा वळेल. नळीची लांबी ज्या दिशेला, तीच ग्रेनची दिशा. बाजारातल्या बहुतेक ए-फोरचा ग्रेन लांबीच्या दिशेने असतो, म्हणजे मधून दुमडून ए-फाइव्ह केलं की तो आडवा येतो. डमीला चालेल. खऱ्या पुस्तकासाठी मोठा कागद घ्या, ग्रेन तपासा आणि त्याप्रमाणे कापा. पुठ्ठ्यालाही हेच.

फेव्हिकॉल थापू नका. थोडं पाणी घालून ब्रशने मधून कडांकडे पातळ थर द्या. जुने बाइंडर मैद्याची खळ शिजवतात आणि कीड लागू नये म्हणून त्यात मोरचूद टाकतात. मोरचूद विषारी आहे, तेव्हा घरच्या भांड्यात तो प्रयोग नको. पुठ्ठ्याला बाहेरून कापड लावलं की तो बाहेर ओढला जातो, आतून अस्तराचा कागद लावला की परत सरळ होतो. मग रात्रभर वजनाखाली. तासाभराने उघडून बघायचं नाही. पावसाळ्यात दोन रात्री.

छपाईच्या बारीक गोष्टी

चित्राचे फोनवर फोटो काढून छापू नका, स्कॅन करा, छापायच्या आकाराला ३०० डीपीआय (दर इंचात ३०० ठिपके). स्कॅन रंगवल्याबरोबर करा. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा माझ्या एका विद्यार्थिनीची मूळ चित्रं पलंगाखाली होती. स्कॅन होते म्हणून पुस्तक वाचलं.

चित्र कडेपर्यंत असेल तर चारही बाजूंनी ३ मिलिमीटर जास्त ठेवा. मजकूर कडेपासून निदान १० मिलिमीटर आत. बारीक अक्षरं फक्त काळ्या शाईत, चार रंगांच्या शाया मिसळून होणाऱ्या काळ्यात नकोत. पडद्यावरचा झगझगीत निळा कागदावर मंद येतो, म्हणून आधी एक पान छापून उन्हात बघा. सगळ्या प्रती एकदम छापू नका.

दुसऱ्यांची पुस्तकं न उघडणं

मुलं मोबाइलवर शेकडो मुखपृष्ठं बघतात, पण पुस्तक हातात कसं उघडतं ते बघत नाहीत. मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात जा. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेतून बॉर्डन नावाच्या ग्रंथपालांना बोलावून ही व्यवस्था उभी केली. तिथली पोलादी मांडण आणि काचेची जमीन बघण्यासारखी आहे, पण तुम्ही जुनी पुस्तकं बघा. महाराजांनी मराठी-गुजरातीत ग्रंथमाला काढल्या, त्यातला एखादा खंड मागून घ्या. पाठ कुठे फाटली, शिवण कुठे टिकली, शिवणीकडे किती कोरी जागा सोडली, हे पट्टीने मोजून वहीत लिहा.

शेवटच्या पानाची जागा डमीतच राखून ठेवा. त्यावर वर्ष, गाव, कागद, फाँट, किती प्रती, कुणी शिवलं आणि गोष्ट कुणी सांगितली हे लिहा. माझ्या त्या पुस्तकात आजीचं नाव राहिलं होतं. पुढे २८ पानांची नवी आवृत्ती केली, गणपती उजव्या पानावर घेतला, आणि मागच्या पानावर पहिली ओळ तिच्या नावाची लिहिली.