डिसेंबरचं मळभ पंधरा दिवस आधी कसं हेरावं

डिसेंबरात आमच्या देवगडात सकाळी उठल्यावर माणूस आधी आभाळ बघतो, मग चहा. आंब्याचा मोहोर नुकता फुटलेला असतो. त्यावर दोन दिवस मळभ राहिलं आणि एखादी सर पडली, की तुडतुडे ही रस शोषणारी कीड आणि करपा हा बुरशीचा रोग, दोघांचंही फावतं. फवारणी केलेल्या दिवशीच पाऊस आला तर पैसे अक्षरशः पाण्यात. उद्याचं हवामान मोबाइल सांगतो, पण माणसं, पंप, औषध यांची जुळणी आधीच करावी लागते. एवढं लांबचं बघायला मॅडन-ज्युलियन दोलन, थोडक्यात एमजेओ, कामी येतं. शेजारच्या काकांना हे नाव सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "ह्यां एमजेओ खंयच्या कंपनीचां औषद रे?"

औषध नव्हे, ढगांचा फेरा. विषुववृत्तालगत ढगांचा आणि पावसाचा एक प्रचंड पट्टा हिंदी महासागरात जोर धरतो आणि पूर्वेकडे सरकत पॅसिफिकपर्यंत जातो. त्याच्या पुढेमागे कोरडा, निरभ्र पट्टा असतो. वेग सेकंदाला साधारण ५ मीटर, म्हणजे सायकलवाल्याचा. पृथ्वीभोवतीचा एक फेरा ३० ते ६० दिवसांत पुरा होतो. रोलंड मॅडन आणि पॉल ज्युलियन या अमेरिकी शास्त्रज्ञांनी हा ठेका १९७१ मध्ये दाखवून दिला. पॅसिफिकचं पाणी तापवणारा एल निनो एकदा आला की महिनोन् महिने ठाण मांडतो. हा पाहुणा मात्र सतत चालता.

आता कामाला लागू. आधी ऑस्ट्रेलियाच्या हवामान खात्याच्या संकेतस्थळावर एमजेओची आकृती उघडा. चौकोनाचे आठ भाग आणि मधोमध एक वर्तुळ दिसेल. व्हीलर आणि हेंडन यांनी २००४ मध्ये मांडलेली ही पद्धत आहे. रोजचा एक ठिपका, ठिपके जोडून वाकडीतिकडी रेघ. पहिल्यांदा बघताना पोराने गिरगोटा काढलाय असंच वाटतं. वाचायचं असं : ठिपका वर्तुळाच्या आत असेल तर एमजेओ दुबळा, आकृती मिटा आणि बागेत जा. बाहेर असेल तर तो कोणत्या भागात आहे ते बघा. खालचे २ आणि ३ हे हिंदी महासागराचे, उजवीकडचे ४ आणि ५ इंडोनेशियाकडचे, वरचे ६ आणि ७ पश्चिम पॅसिफिकचे, डावीकडचे ८ आणि १ पश्चिम गोलार्ध व आफ्रिकेचे. रेघ घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरत असेल तर ढग पूर्वेला निघालेत.

मग एवढ्या लांबच्या ढगांचा दुसऱ्या मुलखाशी संबंध काय? ढग उभे राहताना प्रचंड उष्णता सोडतात. वर चढलेली हवा माथ्यावर पसरते आणि उंचावरच्या वेगवान पश्चिमी वाऱ्यांना धक्का देते. तळ्यात धोंडा टाकल्यावर तरंग काठाला लागावेत तसे हवेचे तरंग हजारो किलोमीटर जातात. हिवाळ्यात हे पश्चिमी वारे जोरात असतात, म्हणून परिणामही ठळक. पूर्व हिंदी महासागरात ढग दाटले की इराण-अफगाणिस्तानच्या बाजूला हवा खाली दबते आणि तिथला हिवाळी पाऊस घटतो. युरोपात ठिपका ३ मध्ये गेल्यावर साधारण दहा दिवसांनी अटलांटिकवरचे पश्चिमी वारे बळावण्याकडे कल असतो. मग उत्तर युरोप ओला, भूमध्य समुद्राकडचा भाग कोरडा. हा कल आहे, हमी नाही.

कोकणात गणित जरा वेगळं. आपल्याकडे डिसेंबर ते फेब्रुवारी पाऊस जवळजवळ नसतोच. येतो तो अवकाळी, आणि त्याला दोन गोष्टी जुळून याव्या लागतात. एक, दक्षिणेकडून बाष्प. दोन, ते उचलणारं काहीतरी : पश्चिमेकडून आलेला वाऱ्यांचा द्रोणीय, म्हणजे कमी दाबाचा पट्टा, नाहीतर समुद्रातलं वादळ किंवा कमी दाबाचं क्षेत्र. डिसेंबर २०१७ मध्ये ओखी चक्रीवादळ श्रीलंकेजवळून निघून केरळ, लक्षद्वीप करत सुरतेच्या दिशेने गेलं, तेव्हा ऐन थंडीत किनारपट्टी भिजली होती. ठिपका २-३ मध्ये आणि वर्तुळाबाहेर असेल तर बाष्पाची बाजू भक्कम धरावी. दुसरी बाजू एमजेओ सांगत नाही. त्यासाठी भारतीय हवामान विभागाचा दर गुरुवारी निघणारा विस्तारित अंदाज बघा, आणि तीन-चार दिवस उरले की उपग्रहाची चित्रं. अरबी समुद्रावरून ईशान्येला ढगांची तिरकी पट्टी सरकताना दिसली तर फवारणी पुढे ढकला. ठिपका ६-७ मध्ये असेल तर मी निवांतपणे माणसं सांगून ठेवतो. औषध मात्र दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या वेळापत्रकाप्रमाणेच, आणि मोहोर पूर्ण फुललेला असताना कीटकनाशक टाळायचं. माश्या मेल्या तर फळ धरणार कोण?

हे सगळं तुमच्या बागेला किती लागू पडतं ते तुमच्याच जुन्या नोंदींवर ताडून बघा. १९७४ पासूनचे एमजेओचे रोजचे आकडे ऑस्ट्रेलियाच्या त्याच संकेतस्थळावर आहेत. घरातली जुनी कॅलेंडरं काढा, दूध आणि गॅसच्या नोंदींशेजारी कुठे 'पाऊस' लिहिलंय ते शोधा आणि त्या तारखेचा भाग क्रमांक पेन्सिलीने बाजूला मांडा. काकांकडे माळ्यावर अकरा वर्षांची कॅलेंडरं निघाली. त्यातली दोन उंदरांनी खाल्लेली.