'ई४८४के' कसे वाचावे: कोरोना विषाणूची उत्परिवर्तने आणि प्रतिकारशक्तीला दिलेली हुलकावणी

कोरोना विषाणूच्या नव्या उपप्रकाराची बातमी आली की तिच्यासोबत उत्परिवर्तनांचा, म्हणजे विषाणूच्या जनुकीय रचनेतील बदलांचा, आकडा येतो आणि त्या आकड्यावरूनच धोक्याचा अंदाज बांधला जातो. हा अंदाज अनेकदा चुकतो. उत्परिवर्तन कोणत्या प्रथिनात झाले, त्या प्रथिनाच्या कोणत्या भागात झाले आणि त्यामुळे नेमके काय बदलले, हे आधी पाहावे.

सुरुवात नावापासून करावी. 'ई४८४के' यातील पहिले अक्षर मूळ अमिनो आम्लाचे (प्रथिनाच्या साखळीतील एका दुव्याचे), म्हणजे ग्लुटामिक आम्लाचे. आकडा साखळीतील जागेचा. आणि शेवटचे अक्षर नव्याने आलेल्या लायसिनचे. हा बदल विषाणूच्या पृष्ठभागावरील स्पाइक या प्रथिनातला; ते प्रथिन ही १,२७३ अमिनो आम्लांची साखळी आहे. ग्लुटामिक आम्लावर ऋण विद्युतभार असतो, तर लायसिनवर धन. त्यामुळे मूळ विषाणूविरुद्ध तयार झालेली जी प्रतिपिंडे (अँटीबॉडी) या जागेला धरून बसत, त्यांपैकी अनेकांची पकड सुटते. बीटा आणि गॅमा या उपप्रकारांत हाच बदल होता.

त्यानंतर जागा पाहावी. साधारण ३१९ ते ५४१ हा स्पाइकचा भाग मानवी पेशीवरील एसीई-२ या ग्राहीला (रिसेप्टरला) चिकटतो आणि विषाणूला निष्प्रभ करणारी बहुतेक प्रभावी प्रतिपिंडे याच भागावर बसतात. येथील बदलाकडे लक्ष द्यावे, पण प्रत्येक बदल हुलकावणीसाठीच असतो असे समजू नये. 'एन५०१वाय' याच भागात असले तरी त्याचा मुख्य परिणाम ग्राहीशी असलेली पकड घट्ट होण्यात दिसतो. 'डी६१४जी' या भागाबाहेरचे. २०२० मध्ये ते जगभर पसरले ते विषाणूची संसर्गक्षमता वाढल्यामुळे, प्रतिपिंडांना चकवल्यामुळे नव्हे.

महाराष्ट्राला आठवणारे उदाहरण २०२१ चे आहे. राज्यातील सुमारे १५ ते २० टक्के नमुन्यांत 'ई४८४क्यू' आणि 'एल४५२आर' आढळल्याचे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २४ मार्च रोजी जाहीर केले आणि 'दुहेरी उत्परिवर्तन' हा शब्द घरोघरी पोहोचला. शब्द फसवा होता, कारण त्या विषाणूत या दोहोंखेरीज इतरही बदल होते. पुढे जगभर पसरलेल्या डेल्टामध्ये 'एल४५२आर' होते, पण ज्याची धास्ती घेतली गेली ते 'ई४८४क्यू' नव्हते; उलट 'पी६८१आर' हा स्पाइकच्या छेदनस्थळाजवळचा बदल होता, ज्यामुळे ते प्रथिन अधिक सहज कापले जाते.

नोव्हेंबर २०२१ मध्ये समोर आलेल्या ओमिक्रॉनच्या बाबतीत मात्र संख्येलाही अर्थ होता. स्पाइकमधील तीसहून अधिक बदलांपैकी सुमारे १५ ग्राहीला चिकटणाऱ्या भागात असल्याने प्रतिपिंडांची अनेक लक्ष्ये एकाच वेळी बदलली. तरीही गंभीर आजारापासूनचे संरक्षण संसर्गापासूनच्या संरक्षणाइतके ढासळले नाही. त्यामागचे एक मोठे कारण टी-पेशी या प्रतिकारशक्तीच्या पेशी हे आहे: त्या विषाणूच्या अनेक प्रथिनांचे छोटे तुकडे ओळखतात आणि ते सगळे एकदम बदलणे विषाणूला जमत नाही. म्हणून 'प्रतिकारशक्ती चुकवतो' असे वाक्य दिसले की कोणती प्रतिकारशक्ती, हे विचारावे.

स्पाइकवर थांबूही नये. प्रतिपिंडे तयार होण्याच्या कितीतरी आधी संसर्ग झालेली पेशी इंटरफेरॉन या संदेशवाहक प्रथिनांद्वारे धोक्याचा इशारा देते आणि तो दाबण्याचे काम विषाणूची इतर प्रथिने करतात. एनएसपी-१ हे पेशीत प्रथिने बनवणाऱ्या रायबोसोममधील आरएनएचा मार्गच बुजवते. ओआरएफ-६ पेशीकेंद्रकाच्या दारातील वाहतूक अडवते. ओआरएफ-९बी मायटोकॉन्ड्रियावरील (पेशीच्या ऊर्जाकेंद्रावरील) टॉम-७० या प्रथिनाला चिकटून इशाऱ्याची साखळी तोडते. ही हत्यारे मूळ विषाणूतच होती. उत्परिवर्तनांनी त्यांची धार कमीजास्त होते. अल्फाने ओआरएफ-६ आणि ओआरएफ-९बी अधिक प्रमाणात बनवली, तर ओमिक्रॉनच्या बीए.२ शाखेतील 'डी६१एल' या बदलाने ओआरएफ-६ दुबळे केले.

शेवटी प्रयोगशाळेतील 'इतक्या पटींनी घट' हा आकडा तपासावा. रक्तद्रव कोणाचे होते, लसवंतांचे की संसर्ग होऊन गेलेल्यांचे, आणि ते शेवटच्या मात्रेनंतर किती दिवसांनी घेतले, हे पाहावे. मुख्य म्हणजे मूळ पातळी शोधावी: समजा प्रतिपिंडांची पातळी एका गटात १,६०० वरून २०० वर आणि दुसऱ्यात ८० वरून १० वर आली, तर दोन्हीकडे घट आठपटच लिहिली जाईल.