जोडीदार गेल्यानंतरचे पहिले वर्ष

नवऱ्याच्या निधनानंतर तेरा दिवस घर माणसांनी भरलेले असते आणि चौदाव्या दिवशी सकाळी दार वाजते ते दूधवाल्याचे. ‘रोजचंच ना, वहिनी?’ या त्याच्या साध्या प्रश्नाला ‘उद्यापासून अर्धा लिटरच’ हे उत्तर द्यायला माझ्या मावशींना तीन आठवडे लागले आणि तोवर उरलेल्या दुधाचे रोज विरजण लागत राहिले. सावरण्याची सुरुवात मात्र अशाच किरकोळ कामांपासून होते. उमेद वाटू लागली की कामाला लागू, असे म्हणत बसणाऱ्याला ती फार उशिरा गवसते.

पहिले काम कागदपत्रांचे. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत करून दाखल्याच्या आठ-दहा प्रती घेऊन ठेवाव्यात, कारण बँक, विमा, गॅस, वीज असे प्रत्येक ठिकाणी तो मागतात. गेलेल्या जोडीदाराचा मोबाइल क्रमांक बंद करण्याची घाई मुळीच करू नये. बहुतेक खात्यांचे ओटीपी त्याच क्रमांकावर येत असल्याने सर्व नोंदी बदलेपर्यंत त्याचे रिचार्ज चालू ठेवावे. मात्र त्यांच्या कार्डाने पैसे काढत राहणे कायद्याला धरून नाही, म्हणून बँकेला लवकर कळवून रीतसर दावा करावा. जुने पासबुक बारकाईने वाचावे. मे महिन्याच्या सुमारास ४३६ रुपये कापल्याची नोंद दिसली, तर ती बहुधा प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याची असते आणि तो चालू असल्यास वारसाला २ लाख रुपये मिळतात. घरात कोणालाच ठाऊक नसल्याने हा दावा राहून जाऊ शकतो. शेती असल्यास तलाठी कार्यालयात वारस नोंदीचा अर्ज द्यावा. मृत्युपत्र नसेल, तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे पत्नी, मुलगे, मुली आणि मृताची आई यांचा वाटा सारखा असतो, हे ठाऊक असलेले बरे, कारण ‘इथे फक्त सही कर’ म्हणणारे नातेवाईक याच दिवसांत भेटतात. दिवसाला एकच काम हाती घ्यावे आणि ते झाले की वहीत त्यावर रेघ मारावी.

पैशांचे मोठे निर्णय, म्हणजे घर विकणे, मुलाकडे कायमचे राहायला जाणे, विम्याची रक्कम कोणाच्या धंद्यात घालणे, शक्य असेल तर वर्षभर पुढे ढकलावेत. तोवर रक्कम मुदत ठेवीत राहू द्यावी. याबाबत मी कोणाचीही भीड ठेवू नये असेच सांगेन.

दिवसाचा सर्वांत अवघड भाग म्हणजे दिवेलागणीची वेळ. त्या वेळी घराबाहेर असे काही जुळवावे, की आपण गेलो नाही तर कोणीतरी विचारील: भजनी मंडळ, वाचनालय, बचत गटाची बैठक, नाही तर नुसते शेजारणीबरोबर भाजी आणणे. हळदीकुंकवाला बोलावणे आले तर आनंदाने जावे. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींना तो कित्ता गिरवायला सांगितले. गाव ठराव करू शकते, तर टिकली लावायची की नाही हे ठरवण्याचा अधिकार आपला आहेच.

रडू येणे हा आजार नव्हे. परंतु आठवडेच्या आठवडे झोप नसेल, अन्न नकोसे होत असेल किंवा जगणेच नको असे विचार येत असतील, तर घरच्यांना सांगावे आणि टेलिमानस या शासकीय मानसिक आरोग्य मदतसेवेच्या १४४१६ या क्रमांकावर बोलावे. ही सेवा निःशुल्क असून चोवीस तास चालते.

सण, लग्नाचा वाढदिवस, वर्षश्राद्ध या तारखा दिनदर्शिकेवर आधीच खुणा करून ठेवाव्यात आणि त्या दिवशी सोबत कोण असेल हे आठवडाभर आधी ठरवावे. मावशींनी वर्षश्राद्धानंतर काकांचा क्रमांक बंद केला. दूध आता पाऊण लिटर येते, कारण दुपारी शेजारच्या दोन मुली गणिते सोडवायला येतात आणि त्यांना कॉफी लागते.